नांग्या

माझ्या आत्तीच्या कपाळावरची एक बट जन्मापासून पांढरी आहे. दोन बोटं रुंद, भांग सुरू होतो तिथं, आणि बटेखाली कपाळावर सुपारीएवढा पांढरा डाग. आता ती सत्तरीच्या पुढं आहे, सगळं डोकंच पिकलंय, त्यामुळं बट वेगळी ओळखू येत नाही. पण माझ्या लहानपणी तिचे केस दाट काळे होते आणि ती बट रस्त्याच्या पलीकडून दिसायची. तव्याच्या बुडाची काजळी खोबरेल तेलात कालवून ती बटेला लावायची. उन्हाळ्यात घाम आला की काळा ओघळ नाकावर उतरायचा. मग पदर तोंडाला लावून ती स्वयंपाकघरात जायची आणि मी तिच्या मागं.

जत तालुक्यातलं आमचं गाव. आत्तीला बघायला आलेली सहा स्थळं परत गेली. सातव्या वेळी आलेल्या पाहुण्यांतल्या एका बाईनं पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली आणि सोप्यात सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीला कोड हाय. आदी सांगायचं हुतं." मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजी दाराआड रडली. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, खांबाला टेकून बसले होते. डोक्याला लाल पटका, कपाळावर अगदी भुवयांपर्यंत ओढलेला, नेहमीसारखाच. ते जमिनीकडं बघत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा राग मी पुढं कित्येक वर्षं मनात धरला. एकोणतिसाव्या वर्षी आत्तीचं लग्न विट्याकडच्या एका बिजवराशी लागलं. मामा, म्हणजे आत्तीचा नवरा, भला माणूस निघाला, एवढं त्यातलं बरं.

जनावराच्या अंगावरच्या पांढऱ्याचं आमच्याकडं केवढं कौतुक! ठिगळाठिगळाची ती कबरी गाय, पट्ट्यांचा तो बांडा बैल, कपाळावर ठिपका असेल तर चांदा. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला घोडा पंचकल्याणी, आणि तो शुभ. माडग्याळची मेंढी पांढऱ्यावर तपकिरी डाग घेऊन जन्मते आणि त्या डागांनीच ओळखली जाते. आटपाडी-खरसुंडीकडं खिलार गाईचं वासरू जन्मतं तेव्हा त्याचं टाळकं तांबूस असतं, दोन-तीन महिन्यांत तो तांबूसपणा आपोआप जातो, आणि म्हातारी माणसं ते कौतुकानं दाखवतात. पांढरा डाग घोड्याच्या कपाळावर असला की भाग्याचा, पोरीच्या कपाळावर असला की रोगाचा. हे कोडं मला तेव्हाही सुटलं नव्हतं.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी पुण्यात एका प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलं. पिंजरे, पिल्लांच्या नोंदी, वजनं. पहिल्याच महिन्यात एका पिंजऱ्यात काळा उंदीर दिसला. कपाळाच्या मधोमध पांढरा ठिपका. शेपटीला धरून उचलला तर पोटावर पांढरा पट्टा. मी तो कितीतरी वेळ हातात धरून उभी राहिले. ठिपका नेमका आत्तीच्याच जागी होता. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत एकच अक्षर होतं, 'डब्ल्यू'. पांढऱ्या डागांच्या जनुकाचं हे जुनं नाव. आईकडून किंवा बापाकडून, कुणा एकाकडून जरी हे बिघडलेलं जनुक आलं, तरी डाग उमटतो.

उंदरांच्या केसांचे रंग हा आनुवंशिकीचा बालवाडीपासूनचा धडा आहे. मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे ल्युसियँ क्वेनो यांनी १९०२ मध्ये फ्रान्समध्ये उंदरांच्या रंगांवरून दाखवलं. अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई शौकिनांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळत. हार्वर्डच्या संशोधकांनी त्यांच्याकडून उंदीर नेले आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांचं एक घराणं त्या बाईंच्या उंदरांपर्यंत जाऊन पोचतं. उंदरांसाठीच प्रसिद्ध झालेली जॅक्सन प्रयोगशाळा १९२९ मध्ये सुरू झाली. सांगलीचा आयर्विन पूलही त्याच सालचा. पुलावरून जाताना मला अजून दर वेळी हे आठवतं.

मला मात्र त्या इतिहासापेक्षा ठिपक्याचं कारण हवं होतं. आणि कारण वाचायला बसले तेव्हा पहिलाच धक्का असा, की कातडीला रंग देणाऱ्या पेशी कातडीत जन्मतच नाहीत. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या पाठीवर मज्जारज्जूची पन्हळ मिटत असते. मिटणाऱ्या कडांवर पेशींचा एक बारीक बांध असतो, त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. विल्हेल्म हिस यांनी तो १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात पाहिला. चेहऱ्याची हाडं, आतड्यातल्या मज्जापेशी आणि रंगपेशी, हे सगळे या एकाच बांधावरून निघालेले. उंदराच्या बाबतीत हे मेरी रॉल्स यांनी १९४७ मध्ये पक्कं केलं. त्यांनी उंदराच्या गर्भाचे बारीक तुकडे कोंबडीच्या गर्भात वाढवले. ज्या तुकड्यांत या बांधावरच्या पेशी होत्या तेवढ्यांतच रंग आला, बाकीच्यांत नाही.

उंदराचा गर्भ तीन आठवड्यांच्या आतबाहेर जन्मतो. नवव्या दिवसाच्या सुमारास रंगपेशींच्या पूर्वजपेशी पाठीवरून निघतात. त्या कातडीच्या खालून दोन्ही कुशींकडं सरकतात, बाराव्या-तेराव्या दिवशी वरच्या थरात चढतात आणि मग केसांची मुळं तयार होऊ लागली की त्यांत शिरून बसतात. केस काळा होतो तो या बसलेल्या पेशीनं रंगाचे कण भरले म्हणून. पाठ जवळ. पोट, कपाळ आणि पंजे लांब. पंचकल्याणी घोड्याचं पांढरं कुठं कुठं असतं ते आठवा.

आणि निघणाऱ्या पेशी तरी किती? १९६७ मध्ये बिॲट्रिस मिंट्झ यांनी काळ्या आणि पांढऱ्या जातींचे दोन कोवळे गर्भ, प्रत्येकी जेमतेम आठ पेशींचे, एकमेकांना चिकटवून त्यांचं एकच पिल्लू वाढवलं. चार आईबापांचं ते पिल्लू अंगावर आडवे पट्टे घेऊन जन्मलं. पाठीच्या कण्याच्या डावीकडं वेगळे, उजवीकडं वेगळे. एकेक पट्टा म्हणजे एकेका मूळ पेशीची संतती, असं समजून त्यांनी हिशेब मांडला : एका बाजूला १७, दोन्ही मिळून ३४. या आकड्यावर पुढं बरीच चर्चा झाली, पण मला तो पहिल्यांदा वाचला तेव्हापासून सोडत नाही. मूठभर पेशी निघायच्या आणि नखापासून शेपटीपर्यंत अख्ख्या अंगाला पुरवठ्याला यायच्या.

सांगलीत शिकवायला लागल्यावर मी वर्गात दोन पांढऱ्या उंदरांची चित्रं शेजारी शेजारी लावायची. एकाचे डोळे लाल, दुसऱ्याचे काळेभोर. दोन्हीही कापसासारखे पांढरे. सांगा, दोघांचं पांढरं एकच का? मुलं हो म्हणायची. मग मी सांगायची, लाल डोळ्यांच्या उंदरात रंगपेशी सगळ्या आहेत. प्रवास नीट झालाय, प्रत्येक केसाच्या मुळाशी पेशी बसलेली आहे. पण रंग बनवायला लागणारं टायरोसिनेज नावाचं विकर तिच्याकडं चालत नाही. पेशी आहे, रंग नाही. काळ्या डोळ्यांच्या उंदरात विकर अगदी ठणठणीत आहे, पण केसांत ते वापरणारी पेशीच नाही. मग डोळे काळे कसे? कारण डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर न्यूरल क्रेस्टचा नाहीच, तो मेंदूच्याच फुगवट्यातून जागच्या जागी तयार होतो. त्याला प्रवासच करावा लागत नाही. हा एक फरक मुलांच्या चेहऱ्यावर उमटलेला बघणं यासाठी मी तीस वर्षं शिकवलं असं म्हटलं तरी चालेल.

बाकीची जनुकं रंगपेशी जागेवर पोचल्यानंतर कामाला येतात. एक जनुक बिघडलं की काळ्याऐवजी तपकिरी कण होतात. दुसरं बिघडलं की कण पेशीच्या फांद्यांच्या टोकापर्यंत वाहून नेले जात नाहीत आणि काळा रंग फिका राखाडी दिसतो. अगूटी नावाचं जनुक केसाच्या मुळातल्या शेजारपेशींमधून निरोप धाडतं, त्यासरशी रंगपेशी काही दिवस काळा सोडून पिवळा रंग भरते. घरातल्या साध्या उंदराचा एक केस उजेडात धरून बघा, टोकाच्या जरा खाली पिवळा पट्टा दिसेल. पण माझा जीव अडकला होता तो पेशी न पोचण्यापाशी.

वर्गात मी त्यासाठी वारीचा दाखला द्यायची. दिंडी निघाली, कुणी दमलं, कुणी मागं राहिलं; पोट आणि कपाळ म्हणजे पंढरपूर, तिथपर्यंत सगळ्यांना जमत नाही. डब्ल्यू जनुक बिघडलं की चाल मंदावते. पुष्कळांची समजूत तशीच होती. मग २०१६ मध्ये एडिंबरा आणि बाथ विद्यापीठांतल्या संशोधकांचा लेख आला. त्यांनी गर्भाची कातडी जिवंत ठेवून तिच्यातल्या पेशींचं चित्रण केलं आणि त्यावरून गणित मांडलं. पेशी कुठल्याही दिशेनं निघालेल्या नसतातच. त्या नुसत्या इकडंतिकडं फिरतात, दुभंगतात, वाढतात. गर्दी वाढली की आपोआप पसरतात. आणि बिघडलेल्या जनुकाच्या पेशी चालीत मागं पडत नाहीत. त्यांचं दुभंगणं कमी पडतं. कातडी वाढत जाते आणि ती भरायला पेशी पुरत नाहीत. माझी वारी मोडली. इतक्या वर्षांच्या मुलांना चुकीचा दाखला दिला याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि दुसरा दाखला काही केल्या सुचेना.

तो आत्तीनं दिला. गेल्या वर्षी मी तिच्याकडं चार दिवस राहिले होते. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून त्यांच्याकडं ऊस आहे. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली बसलो होतो आणि मी मोबाईलवर तिला एक चित्र दाखवलं. उंदराच्या गर्भातल्या रंगपेशी तेवढ्या निळ्या दिसतील अशी एक युक्ती आहे. सगळ्या अंगावर निळ्या शाईचे ठिपके शिंपडल्यासारखं ते पिल्लू.

"ह्ये काय, बेडकी?"

"उंदराचं पिल्लू आहे आत्ती, पोटातलं. निळं दिसतंय ते रंगाचं बी समज. पाठीवरून निघतं आणि पसरतं."

मग मी दुसरं चित्र लावलं, डब्ल्यूवालं. तुरळक ठिपके, कपाळ आणि पोट मोकळं. आत्तीनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"नांग्या पडल्यात की," ती म्हणाली.

उसाची लागण केली की सगळेच डोळे उगवत नाहीत. सरीत जागोजागी मोकळं राहतं, त्याला नांग्या म्हणतात. आणि उगवलं तरी भागत नाही, एकेका कोंबाला फुटवे यावे लागतात, तेव्हा रान झाकतं. फुटवे कमी आले की तेवढ्या जागी उघडं पडतं. कुणी चालत आलं नाही, कुणी दमलं नाही. २०१६ च्या त्या लेखाचं सार आत्तीनं एका शब्दात ठेवलं माझ्यापुढं.

आणि पुढचा प्रश्न तिनंच विचारला. "मग बी वाईट म्हनायचं का रान वाईट?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. उंदरांत पांढऱ्या डागांची दोन वेगळी जनुकं होती, डब्ल्यू आणि स्टील. दोन्हींमुळं डाग तसाच, रक्त तसंच कमी, वांझपणाही तसाच. बघून फरक कळेना. टॉमस मेयर आणि मार्गारेट ग्रीन यांनी १९६८ मध्ये एका उंदराची कातडी आणि दुसऱ्याच्या रंगपेशी अशा जोड्या लावून पाहिल्या. चांगल्या पेशी डब्ल्यूच्या कातडीत छान रुजल्या, पण स्टीलच्या कातडीत नाहीत. स्टीलच्या उंदराच्या पेशी चांगल्या कातडीत रुजल्या. म्हणजे डब्ल्यूत बी वाईट आणि स्टीलमध्ये रान. वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, कळलं की डब्ल्यू म्हणजे रंगपेशीच्या अंगावरचा किट नावाचा ग्राहक, बाहेरून आलेला निरोप झेलणारं प्रथिन. १९९० मध्ये कळलं की स्टील म्हणजे त्या ग्राहकात बसणारं, कातडीनं दिलेलं प्रथिन. रान खत देतं, बी ते घेतं. दोघांपैकी एकानं हात आखडला तरी फुटवे येत नाहीत. १९९१ मध्ये जन्मजात पांढरी बट असलेल्या माणसांतही किटचाच बिघाड सापडला.

मी पुण्यात होते तेव्हाची एक गोष्टही तिला सांगितली. १९९४ च्या अखेरीस आणखी एक डागांचं जनुक उलगडलं होतं. त्यातल्या काही पिल्लांचं अंग जवळजवळ पांढरं असायचं आणि ती पोट फुगून मरायची. कारण आतड्यातल्या मज्जापेशी आणि रंगपेशी एकाच बांधावरच्या. एकाच जनुकाच्या बिघाडानं दोन्हीकडं नांग्या. माणसाच्या बाळांतही हा आजार असतो. पाच वर्षांनी हे जनुक हवं तेव्हा चालू-बंद करून पाहिलं गेलं. गर्भाच्या दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास ते चालू असलं की पुरतं. आधी नको, नंतर उपयोग नाही.

"वापसा गेला का पेरून काय उपेग," आत्ती म्हणाली. तिच्या माहेरच्या शाळूच्या रानाची भाषा.

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. उसातून वारं जात होतं.

"मंजी माजं कोड न्हवं?"

बहात्तर वर्षांच्या बाईनं हा प्रश्न इतक्या हळू विचारला की मला पुन्हा विचारावं लागलं, काय म्हणालीस. मी तिचा हात धरून सांगितलं. कोडात पेशी आलेल्या असतात, नीट बसलेल्या असतात आणि मग आपल्याच शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्यांना मारतात. म्हणून ते जन्मतः दिसत नाही, नंतर उमटतं. तेही लागत नाही कुणाला, आणि महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुझ्याकडं पेशी कुणी मारल्याच नाहीत. त्या तिथं कधी आल्याच नव्हत्या. आईच्या पोटात असतानाच ठरलं ते, आणि त्यानंतर तसूभर वाढलं नाही. वाढलं का? तिनं मान हलवली. मी म्हटलं, मांडीवरची चांगली कातडी घेऊन तिथल्या रंगपेशी अशा डागावर लावता येतात हल्ली.

"नांग्या भरत्यात म्हन की." ती हसली. "आता कशाला."

तिचं रक्त कधी तपासलेलं नाही, आणि आता ती म्हणते तसं, कशाला. पण माझ्या मनात एक हिशेब राहिला होता. हे जनुक पिढी गाळून सहसा येत नाही. तिला आलं तर आईकडून किंवा बापाकडून.

"आत्ती, आजीला होती का गं अशी बट?"

"तिला न्हवती. आप्पाला हुती."

मी म्हटलं, आप्पांना? मी कधी नाही पाहिली.

"कशी बगशील. पटका काडायचा का त्यो कुनाम्होरं?" आत्तीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "हितंच, माज्यावानीच. ऐतवारी डोक्याला त्याल लावायला मलाच बोलवायचा. दार लावून घे म्हनायचा आदी."